गोठ्यात आणि रानात कोण कोणाशी बोलतं?

प्रश्न असा आला आहे: तासगाव तालुक्यात आमची दोन एकर द्राक्षबाग आहे, थोडं सोयाबीन, मका आणि गोठ्यात पाच म्हशी. वडील म्हणतात, जनावराला सगळं कळतं, फक्त बोलता येत नाही. मोबाईलवर बघावं तर झाडं मुळांतून गप्पा मारतात, दुखलं की ओरडतात, असले व्हिडिओ. आता एकजण बागेत स्पीकर लावून मंत्र आणि संगीत ऐकवायचा संच विकायला आलाय. वेली खूश राहतात, माल वाढतो म्हणतो. यात खरं किती? शिवाय एक म्हैस दोनदा भरवूनही गाभण राहिली नाही, तिचं काही कळतच नाही.

शेवटचं आधी घेतो. 'म्हशीचं काही कळतच नाही' हे वाक्य सांगली-साताऱ्याच्या गोठ्यांतून मी नोकरीभर ऐकत आलो. आपल्याला कळत नाही हे खरं, पण ती सांगत नाही असं नाही. ती माणसाला सांगतच नसते. तिचा निरोप रेड्यासाठी असतो आणि त्याला तो पोचतो.

गाय माजावर आली की गोठा डोक्यावर घेते. हंबरते, दावं ताणते, शेजारणीच्या पाठीवर उडते. म्हशीत हा गाजावाजा फार कमी, आणि उन्हाळ्यात तर जवळजवळ नाहीच. म्हणून त्याला मुका माज म्हणायचं. आता त्याच म्हशीजवळ रेडा आणून उभा करा. तो तिचं मूत हुंगतो, मान उचलतो, वरचा ओठ नाकाकडे मुडपतो आणि तसाच थिजून राहतो. बघणाऱ्याला वाटतं हा हसतोय. प्रत्यक्षात तो वास तपासत असतो, आणि तोही नेहमीच्या नाकाने नव्हे. गाई-म्हशींना वरचे पुढचे दात नसतात. तिथल्या टणक हिरडीच्या मागे टाळूत दोन बारीक छिद्रं असतात, ती एका वेगळ्या इंद्रियाकडे जातात. डेन्मार्कच्या लुडविग जेकबसन यांनी १८१३ साली त्याचं वर्णन केलं, म्हणून त्याला जेकबसनचं इंद्रिय म्हणतात. ओठ मुडपल्यामुळे मुतातली रसायनं तिथवर ओढली जातात. म्हैस तयार आहे की नाही, याचा निकाल तिथे लागतो. मोठ्या गोठ्यांवर नसबंदी केलेला रेडा मुद्दाम फिरवतात तो याचसाठी.

तुमच्याकडे रेडा नाही, तेव्हा त्याचं काम डोळ्यांनी करावं लागेल. म्हशीची लक्षणं बहुधा रात्री किंवा पहाटे दिसतात. रात्री झोपण्याआधी आणि पहाटे धारेच्या आधी बॅटरी घेऊन गोठ्यात जा आणि म्हैस बसलेली असताना तिच्या मागे बघा. काचेसारखा स्वच्छ, तार सुटणारा सोट, म्हणजे माजाचा चिकट स्राव (काहीजण बळस म्हणतात) जमिनीवर किंवा शेपटीला लागलेला दिसेल. उठल्यावर ती थोडी थोडी, वारंवार लघवी करते. त्या दिवशी दूध अचानक कमी येतं, सड मात्र भरल्यासारखे दिसतात. एवढ्यातली दोन लक्षणं जुळली तरी पुरे. सकाळी दिसली तर संध्याकाळी भरवा, संध्याकाळी दिसली तर दुसऱ्या दिवशी सकाळी. तारीख भिंतीवरच्या कॅलेंडरवर मांडा आणि अठराव्या दिवसापासून पुन्हा लक्ष ठेवा, कारण चक्र साधारण २१ दिवसांचं असतं. सोट गढूळ किंवा पुवासारखा असेल तर भरवू नका, आधी गर्भाशय तपासून घ्या. दोनदा उलटली म्हणून घाबरायचं कारण नाही. माझा अनुभव असा की अशा बऱ्याच म्हशींत दोष म्हशीत नसतो, वेळेत असतो.

आता तुमचा मूळ प्रश्न. बोलणं कशाला म्हणायचं, याचा माझा हिशेब साधा आहे. एकाने काहीतरी बाहेर सोडलं, मग तो आवाज असो, वास असो, अंगाची हालचाल असो की मुळातून पाझरलेलं रसायन, आणि त्यावरून दुसऱ्याचं वागणं बदललं. सोडणाऱ्याचाही त्यात फायदा असेल तर तो निरोप. सोडणाऱ्याच्या मनात काही नसताना दुसऱ्याने ताडलं तर ती नुसती चाहूल. व्हिडिओवाले या दोन्हींची सरमिसळ करतात आणि मग झाड 'ओरडायला' लागतं.

शिराळा, पाटण, कराड भागात उसात बिबट्या असतो. तिथला शेतकरी रात्री टिटवीच्या आवाजावर उठतो. टिटवी अपशकुनी वगैरे काही नाही. जमिनीवर घरटं असल्यामुळे जवळ काही आलं की ती कालवा करते. तो कालवा आलेल्याला हुसकायला आणि पिलांना दबून बसवायला असतो. आपण मधल्या मध्ये ऐकून बॅटरी काढतो. आफ्रिकेतल्या व्हर्व्हेट माकडांचे तर बिबट्या, गरुड आणि साप यांच्यासाठी तीन निरनिराळे आवाज असतात. १९८० साली संशोधकांनी ते ध्वनिमुद्रित करून कळपाला ऐकवले. बिबट्याच्या आवाजाला माकडं झाडावर पळाली, गरुडाच्या आवाजाला त्यांनी वर बघितलं, सापाच्या आवाजाला मागच्या पायांवर उभी राहून गवत न्याहाळलं. समोर ना बिबट्या होता ना साप. म्हणजे नुसती भीती नव्हे, काय आलंय तेही त्या आवाजात होतं.

वासाची भाषा तुम्ही विकत आणून वापरताच. कृष्णाकाठच्या वांग्यांत शेंडे पोखरणाऱ्या अळीसाठी जे कामगंध सापळे लावतात, त्यातली गोळी (ल्यूर) म्हणजे मादी पतंगाचा नराला धाडलेला निरोप, कारखान्यात बनवलेला. असं पहिलं रसायन जर्मनीच्या अडोल्फ बुटेनांट यांनी १९५९ साली ओळखलं, रेशमाच्या पतंगापासून. त्यासाठी पाच लाखांच्या आसपास माद्या लागल्या होत्या. एका किडीची ल्यूर हाताळलेल्या बोटांनी दुसरीची ल्यूर लावू नका, आणि पाकिटावरच्या मुदतीत ती बदला. मुदत संपलेली ल्यूर लटकवून 'सापळ्यात काही येत नाही, म्हणजे कीड नाही' असं समजणारे मी पुष्कळ पाहिले. गंमत म्हणजे आशियाई हत्तीण माजाच्या काळात मुतातून जे रसायन सोडते, तेच कितीतरी पतंगांच्या माद्याही वापरतात. हे १९९६ साली उघड झालं. पण म्हणून काही पतंग हत्तिणीच्या मागे लागत नाही. हत्तिणीचं मूत हवेत विरून पतंगापर्यंत पोचायचं प्रमाण वेगळं, शिवाय पतंगाला त्यात आणखी दोन-तीन रसायनं ठरावीक मापात लागतात. मिश्रण चुकलं की निरोप चुकला.

वडिलांचं 'जनावराला सगळं कळतं' हे वाक्य मी अर्धं मान्य करतो. नंदीबैलवाला दारात येतो, गुबुगुबु वाजवतो, 'यंदा पाऊस होईल का?' विचारतो आणि बैल मान हलवतो. बैलाला पावसाचं काही कळत नाही, पण मालकाचं पक्कं कळतं. हातातल्या दोरीचा सैलपणा, वाद्याचा बदललेला ठेका, मालकाचा खांदा. बर्लिनमध्ये शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वी हान्स नावाचा घोडा असाच गाजला होता. बेरजा-वजाबाक्या टाप आपटून सोडवायचा. त्याच्या शिक्षकमालकाला स्वतःलाही खात्री होती की घोड्याला गणित येतं. १९०७ साली ऑस्कर फुंग्स्ट यांनी दाखवून दिलं की विचारणाऱ्यालाच उत्तर माहीत नसलं किंवा घोड्याला विचारणारा दिसत नसला, की उत्तर चुकतं. बरोबर आकडा आला की माणसाचं डोकं नकळत केसभर हलायचं आणि हान्स थांबायचा. लोक याला फसवणूक म्हणून सोडून देतात. मला उलट वाटतं. माणसाची केसभर हालचाल वाचणारं जनावर आपल्या गोठ्यात उभं असतं आणि आपण तिथे मोबाईलवर भांडत धार काढायला बसतो.

हे बोलण्यापुरतं नाही, दुधाचा प्रश्न आहे. कास धुतली, बादलीचा कडीआवाज आला, ओळखीचा हात लागला की म्हशीच्या मेंदूतून ऑक्सिटोसिन नावाचं संप्रेरक सुटतं आणि पान्हा येतो. गाईपेक्षा म्हशीला थोडा वेळ जास्त लागतो. तेवढ्यात कोणी ओरडलं, काठी आपटली, नवखा माणूस शिरला, की ॲड्रेनालिन सुटून पान्हा अडतो. मग आपण म्हणतो, म्हस दूध चोरायला लागली. यावर सर्रास ऑक्सिटोसिनचं इंजेक्शन टोचतात, ते बंद करा. माणूस आणि वेळ रोज तीच ठेवा आणि पान्ह्याची वाट बघा. पान्हा सुटला की पाच-सात मिनिटांत धार उरका, कारण त्या संप्रेरकाचा जोर तेवढाच टिकतो.

दुखणं मात्र जनावर लपवतं. शिकार होणाऱ्या प्राण्याने लंगडणं जाहीर करणं म्हणजे मरण ओढवून घेणं. म्हणून ओरडण्याची वाट पाहू नका. रवंथ थांबणं, दात करकरा खाणं, कान मागे पडणं, पाठीची कमान होणं, उतारावर चालायला नकार देणं (पोटात तार किंवा खिळा गेल्याची शंका इथे घ्यायची), या सगळ्या चाहुली. जनावर त्या सांगत नसतं, त्याच्याकडून त्या निसटतात.

झाडांकडे येऊ. इथे नसा नाहीत, मेंदू नाही, पण रसायनांचा व्यवहार जोरात चालतो. मक्यावर अळी बसली आणि पान कुरतडू लागली की मका ठरावीक वासांचं मिश्रण हवेत सोडतो. त्या वासावर एक परजीवी गांधीलमाशी येते आणि अळीच्या अंगात अंडी घालते. १९९० साली अमेरिकेत हे प्रयोगाने सिद्ध झालं. त्यातली खरी मेख पुढे आहे. नुसत्या ब्लेडने पान कापलं तर हा वास फारसा सुटत नाही. त्याच कापावर अळीची लाळ लावली की सुटतो. १९९७ मध्ये त्या लाळेतला घटकही सापडला. म्हणजे मका जखमेला नव्हे, अळीच्या तोंडाला ओळखतो. आणखी एक गोष्ट शेतकऱ्याने ध्यानात ठेवावी. मुळं कुरतडणाऱ्या अळीविरुद्ध मका जमिनीतही असाच वास सोडतो, त्यावर अळी मारणारे सूत्रकृमी येतात. पण उत्तर अमेरिकेतल्या बऱ्याच सुधारित वाणांत ही ताकद उरलेलीच नाही, असं २००५ साली दिसलं. उत्पादनाकडे बघून निवड करता करता वाण मुका झाला आणि कोणाला पत्ता नाही. २०१८ पासून आपल्याकडे लष्करी अळीने मक्याची जी दशा केली आहे, ती पाहता वाण निवडणाऱ्यांनी याकडे बघायला हवं. आपण निदान एवढं करावं, की पोंग्यात अळी दिसली म्हणून पहिल्याच दिवशी सगळं मारणारं जहाल औषध मारू नये. मक्याने बोलावलेले पाहुणेही त्यात मरतात.

शेजारचं झाड हा वास 'ऐकतं' का? ऐकतं, काही जातींत. अमेरिकेतल्या सेजब्रश या रानझुडपाची पानं कापली की शेजारच्या झुडपांचं किडीकडून होणारं नुकसान कमी होतं, हे शेतातल्या प्रयोगांत दिसलं आहे. पण त्याला उपकार समजू नका. बहुतेक तो निरोप झाडाच्या स्वतःच्याच लांबच्या फांदीला असतो. आतून, रसातून जायला वळसा पडतो, हवेतून लवकर पोचतं. शेजारी फुकटात ऐकतो.

फुकटात ऐकण्याचा सगळ्यात वाईट नमुना आपल्या जत, आटपाडी, माण, खटावच्या ज्वारीत आहे: टारफुला, दुसऱ्याच्या मुळावर जगणारं परजीवी तण. ऊसपट्ट्यातही तो दिसतो. त्याचं बी धुळीसारखं, जमिनीत वर्षानुवर्षं पडून राहतं आणि पाऊस झाला म्हणून उगवत नाही. ज्वारीच्या मुळातून पाझरणारं एक रसायन पोचलं तरच उगवतं, कारण उगवल्यावर थोड्या दिवसांत मूळ सापडलं नाही तर ते मरतं. मग ज्वारी हे आत्मघातकी रसायन सोडतेच का? कित्येक वर्षं हे कोडं होतं. २००५ साली जपानी संशोधकांनी ते सोडवलं: ते रसायन मुळांशी भागीदारी करणाऱ्या बुरशीला बोलावणं असतं. बुरशी जमिनीतलं स्फुरद आणून देते, झाड तिला साखर देतं. स्फुरद कमी पडलं की झाड जास्त जोरात बोलावतं, आणि ते बोलावणं टारफुला ऐकतो. हलक्या, उपाशी रानात टारफुला का माजतो, याचं मोठं कारण हे. उपायही यातूनच निघतो. माती तपासून स्फुरद पुरेसं द्या आणि फेरपालटीत कपाशी आणा. कपाशीची मुळं हेच रसायन सोडतात, टारफुला फसून उगवतो आणि कपाशीवर जगता येत नाही म्हणून मरतो. हे रसायन पहिल्यांदा सापडलंच मुळी कपाशीच्या मुळांत, १९६६ साली.

सोयाबीनला तुम्ही जिवाणू संवर्धक चोळता, तोही दोन्ही बाजूंनी ठरलेला संवाद. मूळ एक रसायन सोडतं, रायझोबियम त्याला उत्तर देतो, उत्तर जुळलं तर मूळ दार उघडतं आणि गाठी धरतात. म्हणून हरभऱ्याचं पाकीट सोयाबीनला चालत नाही. दुकानदार 'सगळं एकच' म्हणाला तर दुसरं दुकान बघा.

झाडं मुळांच्या जाळ्यातून पिलांना दूध पाजावं तसं अन्न पाठवतात, या व्हिडिओंबद्दल थोडक्यात. कॅनडातल्या सुझान सिमर्ड यांनी १९९७ मध्ये बर्च आणि डग्लस फर यांच्यात कार्बनची देवघेव दाखवली, ती खरी. पण त्यावर रचलेली 'आईझाड बाळझाडाला सांभाळतं' ही गोष्ट पुराव्याच्या फार पुढे गेली, असं त्याच विषयातल्या तज्ज्ञांनी २०२३ मध्ये लिहून ठेवलं. ओरडण्याचंही तसंच. तहानलेली टोमॅटोची झाडं माणसाला ऐकू न येणारे टकटक आवाज करतात, हे इस्रायलमध्ये २०२३ साली मोजलं गेलं. तो आवाज बहुधा पाण्याच्या नळ्यांत हवेचे बुडबुडे फुटल्याचा. एखादा पतंग त्यावरून काही ताडत असेलही, पण त्याला किंचाळी म्हणणं माझ्या तोंडून निघणार नाही.

माणसाचं वेगळं काय? 'परवा विट्याच्या बाजाराला जायचंय, पण पाऊस आला तर नको' एवढं साधं वाक्य कोणत्याही म्हशीला, वानराला किंवा वेलीला सांगता येत नाही. समोर नसलेलं, न घडलेलं, अटीसकट. मधमाशी थोडी जवळ येते. महाबळेश्वरजवळच्या मांघरमध्ये पेट्या ठेवणाऱ्यांना सातेरी माशीचा नाच दाखवायला सांगा: पोळ्यावर उभ्या रेषेशी ती जो कोन करते तोच सूर्याशी फुलांच्या दिशेचा कोन, आणि जितका वेळ अंग हलवते तितकं अंतर. कार्ल फॉन फ्रिश यांना त्यासाठी १९७३ चं नोबेल मिळालं. पण 'काल तिथे फुलं होती' हे तिलाही सांगता येत नाही.

आता स्पीकर. गोठ्यात संथ गाणी लावली तर हरकत नाही. २००१ साली इंग्लंडमध्ये लेस्टर विद्यापीठाच्या मानसशास्त्रज्ञांना संथ संगीताने गाईंचं दूध सुमारे ३ टक्के वाढलेलं दिसलं. बाकीचा गोंगाट झाकला जातो, जनावर निवांत राहतं, असं मला वाटतं. वेलीचं तसं नाही. २०१४ मध्ये अमेरिकेतल्या मिसूरी विद्यापीठात मोहरीच्या कुळातल्या एका रोपाच्या पानांना अळीच्या कुरतडण्याची कंपनं आधी दिली, तेव्हा नंतर खरी अळी बसल्यावर रोपाने विषारी रसायनं जास्त वाढवली. वाऱ्याची आणि दुसऱ्या एका कीटकाच्या गाण्याची कंपनं दिली, तेव्हा दखलही घेतली नाही. झाडाला ज्याच्याशी देणंघेणं आहे तेवढंच ते घेतं. मंत्राच्या आवाजातून त्याला ना अळीची खबर मिळते, ना पाण्याची. जगदीशचंद्र बोस यांचं नाव घेऊन हे संच विकतात, पण बोस झाडांना गाणी ऐकवत नव्हते. ते झाडांतले विजेचे बदल मोजत होते.

द्राक्षवेलीशी बोलायचंच असेल तर ते तुम्ही आधीपासून बोलताय. बीवाल्या द्राक्षात बी जिबरेलिन हे वाढीचं संप्रेरक सोडतं आणि मणी फुगतो. थॉमसन वाणाला बी नाही, म्हणून तो निरोप जीएच्या (जिबरेलिक आम्लाच्या) डिपिंगने, म्हणजे त्याच्या द्रावणात घड बुडवून, आपण देतो. ठिबकचंही तसंच आहे. मुळांची एक बाजू कोरडी ठेवली की ती पानांना ॲबसिसिक आम्लाचा निरोप धाडते, पानांची रंध्रं थोडी मिटतात, पाणी वाचतं. ऑस्ट्रेलियातल्या बागांनी हे तंत्र वापरलं आहे. डिपिंगची वेळ दोन दिवस चुकली तर काय होतं ते तुमच्या वडिलांना विचारा. संच विकणाऱ्याला एवढंच सांगा: एकाच वाणाचे, एकाच दिवशी फळछाटणी केलेले, एकमेकांच्या आवाजापासून लांब असे दोन प्लॉट घे, एकात स्पीकर लाव, दुसऱ्यात लावू नको, दोन्हींचा माल आमच्यासमोर वजन कर, आणि पैसे त्यानंतर माग.